ऐनवेळचा विषय

मी आयुष्यात एकदाच सत्तेवर होते, आणि तिथे मला कोणीही निवडून दिलेलं नव्हतं.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना एके सकाळी कॉलेजच्या सूचनाफलकावर माझं नाव लागलं. पुढे लिहिलं होतं, सचिव, विद्यार्थी परिषद. निवडणूक ही गोष्ट कायद्यात होती, पण कॉलेजात नव्हती. कधीकाळी पोरांनी निवडणुकीपायी एकमेकांची डोकी फोडली म्हणून ती बंद झाली, मग पुन्हा घ्यायचं ठरलं, मग पुढे ढकललं, आणि ते ढकलणं आमच्यापर्यंत पोचलं होतं. तोवरची सोय म्हणून वर्गात जो पहिला तो वर्गप्रतिनिधी, आणि वर्गप्रतिनिधींत ज्याचे गुण जास्त तो सचिव. म्हणजे जिने वर्षभर खाली मान घालून, कोणाशी न बोलता अभ्यास केला, तिलाच सगळ्यांच्या वतीने बोलायला नेमायचं. ही सोय ज्याने काढली त्याला विद्यार्थ्यांचं बोलणं ऐकायची फारशी हौस नसावी, असं मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं.

घरी मात्र दिवाळी झाली. उमरग्याच्या बाजारात वडिलांचं भांड्यांचं दुकान. आमच्या घरात भांडण कानडीत व्हायचं आणि समेट मराठीत. त्या दिवशी वडील दोन्ही भाषांत एकदमच बोलत होते. सचिव म्हटलं की मुंबईचं मंत्रालय, एवढंच त्यांना माहीत. संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं की भांडेवाल्यांची पोरगी मोठ्या पदावर गेली. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं पातेलं उलटंसुलटं करून बघता बघता कामं सांगायला लागली. एकाला पुतण्याची अडकलेली शिष्यवृत्ती सोडवून हवी होती, एकाला शेताच्या मोजणीची तारीख. वडील गंभीर चेहऱ्याने सगळ्यांना सांगायचे की बघू, तिच्या कानावर घालतो. आई एकटीच जमिनीवर होती. ती म्हणाली की पद मिळालं ते बरं झालं, आता जेवल्यावर स्वतःचं ताट उचलत जा.

मला मात्र आतून एक गोष्ट खात होती आणि ती मी कोणाला सांगितली नव्हती. वर्गात पहिली यायला हवी होती ती माझी मैत्रीण. कर्नाटकच्या हद्दीजवळच्या एका खेड्यातून ती एस.टी.ने यायची. लेखी परीक्षेत ती माझ्या पुढे होती. पण प्रात्यक्षिकं दुपारी दोन ते पाच, आणि तिच्या गावाची शेवटची गाडी पावणेपाचला. प्रयोग अर्धा टाकून ती साडेचारला पळायची आणि त्याचे गुण कापले जायचे. दोनदा तिची गाडी चुकली. दोन्ही वेळा ती जीपमध्ये दाटीवाटीने बसून अंधार पडल्यावर पोचली, आणि दोन्ही वेळा तिचे वडील फाट्यावर बॅटरी घेऊन उभे होते. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की आता तिसऱ्यांदा असं झालं तर कॉलेज बंद, घरी बसून बाहेरून बी.ए. कर. रसायनशास्त्राच्या प्रयोगात जिचा हात वर्गात कोणी धरू शकत नव्हतं, तिने घरी बसून बी.ए. करायचं. माझं सचिवपद ही खरं तर त्या पावणेपाचच्या गाडीची कृपा होती, आणि ते मला चांगलं ठाऊक होतं.

पहिला महिनाभर सत्तेचा काहीच अनुभव आला नाही. मग एका दुपारी मी प्रयोगशाळेत ब्युरेटमधून थेंब सोडत असताना शिपाईमामा काखेत जाडजूड रजिस्टर घेऊन आले. पान काढलेलं, मध्ये बोट घातलेलं, पेनाचं टोपण उघडलेलं. सही कर म्हणाले. सहीच्या जागी त्यांनी पेन्सिलने फुलीसुद्धा मारून ठेवली होती.

मी वाचायला लागले तसे मामा अस्वस्थ झाले. इतक्या वर्षांत त्या रजिस्टरात कोणी सहीच्या फुलीच्या वर नजर नेलेली त्यांनी पाहिली नव्हती. ते महाविद्यालय विकास समितीच्या सभेचं इतिवृत्त होतं, म्हणजे सभेत काय झालं त्याची नोंद. विद्यार्थ्यांचा कारभारात सहभाग असावा म्हणून कायद्याने त्या समितीत विद्यार्थ्यांचाही प्रतिनिधी असतो, आणि तो आता मी होते. खालून तिसऱ्या ओळीत सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'विद्यार्थी प्रतिनिधींनी महाविद्यालयातील सोयीसुविधांबाबत समाधान व्यक्त केले.' वर तारीख होती ती येत्या शनिवारची.

मी म्हटलं, "मामा, ही सभा अजून झालीच नाही."

"म्हणून तर आधी सही," मामा म्हणाले. "नंतर समदे कुठं सापडत्यात?"

माझं डोकं लवकर तापतं. ब्युरेट तशीच सोडून, रजिस्टर उचलून मी तरातरा कार्यालयात गेले. मामा मागून चालत होते, बहुधा रजिस्टरच्या काळजीने. तिथले मुख्य लिपिक, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे, त्यांच्यापुढे मी ते आपटलं आणि उचलली जीभ लावली टाळ्याला असं सुरू केलं. मी कुठे समाधान व्यक्त केलं, कोणापुढे केलं, आणि वाचल्याशिवाय सह्या करणारी ही माणसं कॉलेज चालवतात कशी, असं बरंच काही. भाऊसाहेबांनी ऐकून घेतलं, मला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि कारभार कसा चालतो ते समजावलं.

सभेला कोणी येत नाही. संस्थेचे अध्यक्ष शेतावर असतात, प्राध्यापकांना गावाला जायचं असतं. विद्यापीठाला मात्र दरवेळी इतिवृत्ताची प्रत लागते. म्हणून भाऊसाहेब जुनं रजिस्टर समोर ठेवतात आणि तारीख बदलून उतरवून काढतात. ठराव मांडणारा कोण, त्याला अनुमोदन देणारा कोण, सगळं ठरलेलं. वनस्पतिशास्त्राचे सर कित्येक वर्षं प्रत्येक ठरावाला अनुमोदन देत आले होते आणि त्यांना त्याची कल्पनाही नव्हती. मला सगळ्यात आवडला तो शेवटचा मथळा, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. हे ऐनवेळचे विषय भाऊसाहेब आठ दिवस आधी लिहून ठेवायचे.

मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं की तुला नेमकं पाहिजे काय. मी मैत्रिणीच्या गाडीचं सांगितलं.

"ऐनवेळला दोन ओळी मोकळ्या हायत," ते म्हणाले. "चिठ्ठीवर लिहून दे, घालतो. सह्या काय, हुतेतच."

आता इथे मी ठणकावून सांगायला हवं होतं की मोकळ्या ओळी नकोत, खरी सभा घ्या. तसलं काही मी बोलले नाही. दहा मिनिटांपूर्वीचं माझं सगळं तत्त्व चहाबरोबर पोटात गेलं. मी चिठ्ठी लिहिली की प्रात्यक्षिकं दुपारऐवजी सकाळी घ्यावीत. माझ्या डोक्यात असं होतं की दहाला आधी प्रयोग आणि मग तास. दोन दिवसांनी मामा रजिस्टर घेऊन आले. ऐनवेळच्या विषयात प्रात्यक्षिकांचं आलंय एवढं मी पाहिलं, फुलीवर झोकात सही केली आणि 'समाधान व्यक्त केले'कडे डोळेझाक केली. आठवड्याच्या आत सगळ्यांच्या सह्या झाल्या. मैत्रिणीला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी तिने माझ्यासाठी घरून शेंगापोळी आणली.

सोमवारी सूचना लागली. येत्या एक तारखेपासून विज्ञान शाखेची सर्व प्रात्यक्षिकं सकाळी सात ते दहा.

करायला गेले गणपती अन् झाला मारुती. तिच्या गावाहून येणारी पहिली गाडी उमरग्यात पोचायची पावणेदहाला. आतापर्यंत तिचा अर्धा प्रयोग बुडत होता, आता अख्खा बुडणार होता. तिने सूचना दोनदा वाचली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "माझी शेंगापोळी परत दे." मी हसायला लागले, पण ती हसत नव्हती. थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, "घरी सांगू का नको, तेवढं सांग." मी तडक कार्यालय गाठलं.

भाऊसाहेबांचीही चूक म्हणता येत नव्हती. चिठ्ठीत सकाळ होती, म्हणून त्यांनी जुन्या रजिस्टरात सकाळचा ठराव शोधला. उन्हाळ्यात कॉलेज सकाळचं भरवण्याचा एक सापडला, सात ते दहा. तो त्यांनी जसाच्या तसा उतरवला. मी सही केली तेव्हा ती वेळ माझ्या बोटाच्या वर दोन ओळींवर स्पष्ट लिहिलेली होती. लोक वाचत नाहीत म्हणून जिने कार्यालय डोक्यावर घेतलं होतं, तिने स्वतःच वाचलं नव्हतं. त्या दिवशी मला माझी जेवढी लाज वाटली तेवढी नंतर क्वचितच वाटली असेल.

शिव्या मात्र मला एकटीलाच मिळाल्या नाहीत. रसायनशास्त्राचे सर रोज सोलापूरहून येऊन-जाऊन करायचे. सातचं प्रात्यक्षिक म्हणजे त्यांना पाचच्या आत घर सोडावं लागणार. हा गाढवपणा कोणाचा, असं विचारत ते कार्यालयात शिरले. भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडलं आणि त्यांच्या सहीवर बोट ठेवलं. पाठोपाठ वनस्पतिशास्त्राचे सर आले. त्यांना कळलं होतं की या ठरावाला अनुमोदन त्यांचं आहे. मी कधी अनुमोदन दिलं, असं त्यांनी कळवळून विचारलं. "नेहमीच देता, सर," भाऊसाहेब म्हणाले.

ते पान खोडून टाका असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. पण इतिवृत्तात खाडाखोड चालत नाही. झालेला ठराव रद्द करायचा तर दुसरा ठराव करावा लागतो. आणि आता मामा रजिस्टर घेऊन निघाले की माणसं खिशातून चष्मा काढायची. वाचल्याशिवाय सही करायला कोणी तयार होईना. त्यामुळे कॉलेजवर असा प्रसंग आला जो कोणाच्या आठवणीत आला नव्हता. खरी सभा घ्यावी लागली.

शनिवारी साडेतीनची वेळ ठरली. या वेळी चिठ्ठीबिठ्ठी नको असं मी ठरवलं. माझ्या चिठ्ठीचे प्रताप पाहिल्यावर माझा स्वतःवर भरवसा उरला नव्हता. मी मैत्रिणीला म्हटलं की तुझी अडचण तूच सांग. ती समितीत नव्हती, म्हणून बोलावतील तेव्हा आत यायचं असं ठरलं आणि ती व्हरांड्यात उभी राहिली. साडेतीनला सभा, चारपर्यंत सगळं आटपेल, पावणेपाचची गाडी आरामात मिळेल, असा मी तिला शब्द दिला होता. एस.टी. स्टँड हायवेच्या पलीकडे, भरभर चाललं तर सहा मिनिटांवर.

संस्थेचे अध्यक्ष जुन्या वळणाचे शेतकरी गृहस्थ होते, सगळे त्यांना आण्णा म्हणायचे. आण्णांची जीप चारला दहा मिनिटं कमी असताना आली. मग पोहे आले. मग पोह्यांवर लिंबू नाही म्हणून मामा लिंबू आणायला गेले. मग चहा. सव्वाचार उलटून गेल्यावर प्राचार्यांनी सभा सुरू झाल्याचं सांगितलं, आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कारण पोह्यांनंतर काय करायचं असतं हे कोणालाच माहीत नव्हतं. भाऊसाहेब म्हणाले की आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायचं असतं. वाचा म्हणाले आण्णा.

भाऊसाहेब उभे राहून वाचू लागले आणि समितीला पहिल्यांदाच कळू लागलं की आपण काय काय ठरवलं आहे. वनस्पतिशास्त्राच्या सरांनी पीएच.डी. मिळवल्याबद्दल त्यांचं हार्दिक अभिनंदन करण्यात आलं होतं. सरांचा प्रबंध अजून निम्माही झाला नव्हता. ते वाक्य दुसऱ्या कोणत्या तरी सरांच्या जुन्या अभिनंदनावरून उतरलेलं होतं, आणि या अभिनंदनालाही अनुमोदन त्यांचंच होतं. सर लाजून म्हणाले की हरकत नाही, होईलच. सगळे पोट धरून हसले. आण्णांना ते इतकं आवडलं की त्यांनी परत वाचायला लावलं.

मी घड्याळाकडे बघत होते. साडेचार. खिडकीतून ती दिसत होती, दप्तर खांद्याला लावलेलं, ओढणी कमरेला गुंडाळलेली. आज शनिवार, आज प्रात्यक्षिकही नव्हतं. माझ्यामुळे ती थांबली होती. माझ्यामुळे गाडी चुकली असती तर ती तिसरी वेळ झाली असती, आणि फाट्यावर बॅटरी घेऊन उभ्या असलेल्या त्या माणसाला मी काय तोंड दाखवणार होते. तिथे हसणाऱ्या प्रत्येकाचा मला संताप येत होता.

एवढ्यात भाऊसाहेबांनी वाचलं की विद्यार्थी प्रतिनिधींनी समाधान व्यक्त केले. आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "व्हय का गं?"

मी भाषण पाठ करून आले होते. त्यात कायद्याचं कलम होतं, सहभाग हा शब्द चार वेळा होता. उभी राहिले आणि सगळं साफ विसरले. "नाही आण्णा," मी म्हटलं. "मी न वाचता सही केली. जिची अडचण आहे ती बाहेर उभी आहे. तिला बोलवा, आणि लवकर बोलवा."

तिला बोलावलं. चार अडतीस. ती दारातच उभी राहिली. आण्णांनी मायेने समोरची खुर्ची दाखवली. "बस बाळ. काय अडचण हाय ती निवांत सांग."

तिने खुर्चीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. "आण्णा, सांगत बसले तर गाडी जाईल," ती म्हणाली आणि गेली.

व्हरांड्याच्या पायऱ्यांवर तिच्या चपला वाजल्या. एकेक करून सगळे खिडकीशी आले. मैदानातून ती दप्तर छातीशी धरून पळत होती. फाटकाबाहेर, हायवेवर हैदराबादकडे जाणाऱ्या मालट्रकांची रांग लागली होती, तिथे ती थांबली. एक ट्रक गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. मग ती पलीकडे दिसेनाशी झाली. रसायनशास्त्राचे सर, जे तिचे प्रयोगाचे गुण कापायचे, ते सगळ्यात शेवटी खिडकीपासून हलले.

"पोरगी बोलली की," आण्णा म्हणाले. "आता आजून काय आयकायचंय?"

त्यानंतर सगळं दहा मिनिटांत झालं. जेवणाची सुट्टी रद्द करून प्रात्यक्षिकं साडेबारा ते साडेतीन. सुट्टी गेल्याचं कोणी नाव काढलं नाही. रसायनशास्त्राच्या सरांनी ठराव मांडला. प्राचार्यांनी विचारलं की अनुमोदन कोणाचं, तेव्हा वनस्पतिशास्त्राचे सर खुर्चीतून उठले आणि शाळेतल्यासारखा हात वर करून म्हणाले, "माझं." इतक्या वर्षांत ते त्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडाने दिलं होतं, आणि त्यांचा चेहरा पीएच.डी. मिळाल्यासारखा झाला होता.

मला मात्र ठरावाचा आनंद होईना. गाडी मिळाली की नाही ते कळायला मार्ग नव्हता. तिच्याकडे फोन नव्हता आणि वडिलांच्या फोनवर विचारायची माझी छाती नव्हती. चुकली असेल तर विचारून मीच आग लावल्यासारखं झालं असतं. रविवार कसा गेला ते विचारू नका. सोमवारी पावणेदहाच्या आधीच मी स्टँडवर जाऊन उभी राहिले. गाडी आली, दुधाचे कॅन घेतलेली दोन माणसं उतरली, एक म्हातारी उतरली, आणि सगळ्यात शेवटी ती. मला रडू आलं, ते मी उन्हाचं निमित्त करून पुसलं. कंडक्टरने तिला ट्रकांच्या पलीकडे बघितलं होतं, ती म्हणाली, आणि ती चढेपर्यंत बेलच मारली नव्हती.

पुढच्या वर्षी ती पहिली आली. प्रयोगाचे गुण आता कोणी कापत नव्हतं, मग दुसरं काय होणार. नियमाप्रमाणे सूचनाफलकावर तिचं नाव लागलं आणि माझं सचिवपद गेलं. वडिलांना ते फार लागलं. पोरीला काढलं का, असं गिऱ्हाइकं विचारायची आणि ते सांगायचे की मुदत संपली. थोडं वाईट मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू. पण जागा जिची होती तिच्याकडे गेली होती.

त्या वर्षीच्या पहिल्या महिन्यात शिपाईमामा रजिस्टर घेऊन प्रयोगशाळेत आले. प्रात्यक्षिक नुकतंच संपलं होतं, आम्ही काचसामान धूत होतो. पान उघडं, पेनाचं टोपण काढलेलं, फुली मारलेली. तिने हात धुतले, ओढणीला पुसले, स्टूल ओढून बसली आणि पान मागे उलटून अगदी पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. एक पान झालं, दुसरं झालं. मामांनी या पायावरचा भार त्या पायावर घेतला.

"आज गाडी न्हाय व्हय तुला?" शेवटी त्यांनी विचारलं.

"आहे की मामा, पावणेपाचला," ती मान वर न करता म्हणाली आणि तिसरं पान उलटलं. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजून पाच मिनिटं झाली होती.